मिगला रंग फासून स्टेल्थ का करत नाहीत?

तुम्ही विचारलंत म्हणून. गोव्यातल्या दाबोळीहून नौदलाचं मिग-२९के हे लढाऊ विमान उडालं की चिखली-वास्कोत खिडक्या थरथरतात आणि कोणीतरी विचारतंच: नवी स्टेल्थ, म्हणजे रडारला सहजी न दिसणारी, विमानं कशाला, आहेत त्यांनाच तो रडार गिळणारा रंग लावला तर?

रंग हा शेवटचा हात. आधी गणित बघा. विमान रडारला किती अंतरावरून दिसेल, हे त्याच्या रडारवरच्या ठशाच्या, म्हणजे आरसीएसच्या, चतुर्थमुळावर ठरतं. ठसा १६ पट घटवला तर १०० किलोमीटरवरून दिसणारं विमान ५० वरून दिसेल. १० वर आणायचं तर ठसा १०,००० पट घटायला हवा. एवढं काम डब्यातल्या रंगाचं नव्हे.

समोरून रडारवर सगळ्यात जास्त चमकतात ती इनटेकच्या, म्हणजे हवा आत घेणाऱ्या तोंडाच्या, आतली इंजिनाची पाती. हवेची नळी नागमोडी असेल तर लहरी भिंतींवर आपटत विरतात, पण तयार सांगाड्यात नळी वळवायला जागा कुठली? अमेरिकेच्या सुपर हॉर्नेट या लढाऊ विमानात म्हणून इंजिनापुढेच रडारलहरी अडवणारा भाग बसवला. कॉकपिटच्या काचेवर धातूचा पातळ थर देता येतो. हे त्यातल्या त्यात सोपं. नाकाचं मात्र त्रांगडं आहे. ते स्वतःच्या रडारसाठी पारदर्शकच ठेवावं लागतं, म्हणजे आतला अँटेना शत्रूला आरशासारखा. तो थोडा तिरपा बसवायचा, इतकंच हाती उरतं.

आणि एवढं करून पंखाखाली क्षेपणास्त्रं, टाक्या लटकवल्या की मुसळ केरात. बोइंगने २००९ मध्ये जुन्या एफ-१५ लढाऊ विमानाचं सायलेंट ईगल हे रूप दाखवलं, त्यात शस्त्रं बाजूच्या फुगीर कप्प्यांत दडवली होती. त्या रूपात ते कोणी घेतलं नाही.

आता रंगाकडे. रडार गिळणारा हा लोहकणांचा लेप जड असतो. घनता पाण्याच्या ४ पट धरली तर १ मिलिमीटर थराचं वजन चौरस मीटरला ४ किलो. १०० चौरस मीटरला ४०० किलो, म्हणजे तेवढं इंधन किंवा शस्त्रं कमी. शिवाय खारा वारा. समुद्रकाठच्या बोगमाळोतल्या घरांचे गंजलेले गज बघा, मग विमानवाहू नौकेच्या डेकवर त्या लोहकणांचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. तपासणीसाठी झाकण उघडलं की फटीतली वीजवाहक पुट्टी आणि टेप निघते. ती परत भरायची, सुकू द्यायची. तोवर विमान हँगरमध्ये. मीटरभर लांबीच्या लहरींच्या जुन्या रडारांना तर हा लेप जवळजवळ जाणवतही नाही.

खर्च करायचाच असेल तर इनटेक आणि काच, एवढ्यावर थांबावं. उरलेले पैसे चांगल्या जॅमरला, म्हणजे शत्रूच्या रडारला गोंधळवणाऱ्या यंत्राला.