ड्यूकला ‘इन-स्टेट’ चालतं का? तुम्ही विचारलंत म्हणून

गणपतीत आरती संपून हातात प्रसादाची वाटी आली की, मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये, किराणा दुकानात कोथिंबिरीची जुडी निवडताना, सगळीकडे एकच प्रश्न. “ताई, आपण इतकी वर्षं कॅरीत राहतोय. नॉर्थ कॅरोलायनाचे म्हणून ड्यूकला मुलांना काही फायदा होतो का हो?” ड्यूक म्हणजे शेजारच्या डरहॅममधलं नामांकित विद्यापीठ, कॅरी आमचं गाव. माझ्या मुलीने कॉलेजचे फॉर्म भरले त्या वर्षापासून गावाने मला या विषयातली जाणकार ठरवून टाकलंय.

होतो. पण तुम्हाला वाटतो तेवढा नाही, आणि तुम्हाला वाटतो तिथे तर नाहीच.

डोमिसाइलच्या दाखल्यासाठी तहसील कचेरीत हेलपाटे घातलेली माणसं आपण. सरकारी मेडिकलच्या ८५ टक्के जागा राज्याच्या, १५ टक्के देशाच्या, हे गणित डोक्यात इतकं पक्कं बसलंय की इथेही प्रत्येक कॉलेजात आपल्यासाठी राखलेल्या खुर्च्या असणार असं आपण धरूनच चालतो. तशा खुर्च्या ड्यूकपासून दहा मैलांवर, चॅपल हिलच्या राज्य विद्यापीठात आहेत. तिथे पहिल्या वर्षात बाहेरच्या राज्यांतली मुलं १८ टक्क्यांच्या वर घ्यायची नाहीत, असा नियम १९८६ पासून आहे. कारण उघड आहे. चॅपल हिल सरकारी, आपल्या करांवर चालणारं. ड्यूक खाजगी. तिथे कोटा नाही, आणि इन-स्टेट फी, म्हणजे राज्यातल्यांना कमी फी, असा प्रकारही नाही. पाटी सगळ्यांना एकच, राहण्या-खाण्यासकट वर्षाला ९०,००० डॉलरच्या आसपास.

मग फायदा येतो कुठून? ड्यूकच्या आवारातल्या चॅपलसमोर, म्हणजे प्रार्थनाघरासमोर, जेम्स ड्यूकचा पुतळा आहे, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात सिगार. पाहुण्यांना तो मी मुद्दाम दाखवते. विद्यापीठासमोर सिगार ओढणारा दाता दुसरीकडे कुठे बघायला मिळणार! घराणं तंबाखूचं. पुढे याच माणसाने कॅरोलायनातल्या नद्यांवर वीज काढली. आपलं विजेचं बिल आजही त्याच नावाने येतं. १९२४ च्या डिसेंबरात त्याने चार कोटी डॉलरचा ट्रस्ट केला आणि पैसा दोन्ही कॅरोलायनांच्या कामी यावा असं लिहून ठेवलं: इथली इस्पितळं, अनाथाश्रम, खेड्यांतली मेथडिस्ट चर्चेस आणि चार कॉलेजं. त्यातलंच डरहॅमचं ट्रिनिटी कॉलेज म्हणजे आजचं ड्यूक. दोन्ही कॅरोलायनांतल्या मुलांकडे ड्यूक आजही जरा आपुलकीने बघतं, त्याचं मूळ या दस्तात आहे.

या आपुलकीचं वजन किती, हे मात्र बेताने घ्या. कॉलेजं दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचं एक रटाळ कागदपत्र काढतात. त्यात सी-७ क्रमांकाचा तक्ता शोधा. मार्क, निबंध, शिफारसपत्रं यांच्या खाली ‘स्टेट रेसिडेन्सी’ची एक ओळ असते आणि तिच्यापुढे फार महत्त्वाचं, महत्त्वाचं, विचारात घेतो, घेत नाही असे चार रकाने. ड्यूकची खूण तिसऱ्या रकान्यात. म्हणजे दोन मुलांत एकोणीस-वीसचा फरक असेल तर पत्ता कामाला येईल. पंधरा-वीसचा असेल तर नाही. शंभरातली पाचेक मुलं घेणाऱ्या ठिकाणी घरचं म्हणून कोणी पाटावर बसवत नाही. दुसऱ्या कुठल्या खाजगी कॉलेजाबद्दल विचारायचं असेल तर मला फोन करण्याआधी त्यांचाही सी-७ उघडून बघा.

राज्याचा खरा उपयोग पैशात आहे, आणि तो कोणी विचारतच नाही. २०२३ पासून दोन्ही कॅरोलायनांतल्या ज्या घरांचं उत्पन्न दीड लाख डॉलर किंवा त्याहून कमी आहे, त्यांच्या निवड झालेल्या मुलांची ट्यूशन फी ड्यूक पूर्ण माफ करतं. ६५,००० पर्यंत असेल तर राहणं-जेवणही त्यात, कर्ज न काढता. नवरा-बायको दोघंही आयटीत असाल तर हा परिच्छेद तुमच्यासाठी नव्हता.

एक गोष्ट सांगताना मात्र माझा आवाज खाली येतो. आमच्या गल्लीतला एक मुलगा दुसरीत इथे आला. नॉर्थ कॅरोलायनाच्या सगळ्या काउंट्या त्याला पाठ, बोलतो अगदी इथल्यासारखा. घरचे ग्रीन कार्डाच्या रांगेत, तो एच-४ वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर. ‘आम्ही दहा वर्षं इथले’ या भरवशावर आई-बाबा निर्धास्त होते. अशा मुलाचा पत्ता कॅरीचा असला तरी मदतीच्या हिशेबात तो परदेशी. अमेरिकन नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांची निवड करताना ड्यूक ऐपत बघत नाही. परदेशी नागरिकांच्या बाबतीत मदत मागितली आहे का, हेही बघतं. हे त्यांना कळलं तेव्हा तो बारावीत होता. त्या दिवशी त्याची आई माझ्या स्वयंपाकघरात बराच वेळ नुसती चहाचा कप धरून बसली होती. तेव्हा तुमचं मूल एच-४ वर असेल तर राज्य राहू द्या, आधी व्हिसाचं विचारा, आणि नववीतच विचारा.

परवाच एका हळदीकुंकवात हे सगळं पुराण मी पुन्हा लावलं. एक नवी मुलगी कान देऊन ऐकत होती, तिचं बाळ अजून पाळण्यात. माझं संपल्यावर म्हणाली, “म्हणजे साउथ कॅरोलायनात घर घेतलं तरी चालेल ना ताई? तिकडे स्वस्त आहेत.”

चालेल, म्हटलं. दस्तात दोन्ही आहेत.