सुट्टीत परत शाळेत का जातो, तुम्ही विचारलंत म्हणून

"सुट्टीवर आलास की नेरूळला कसल्या शाळेत जाऊन बसतोस, इतकी वर्षं बोटीवर काढून अजून आग विझवायला शिकावं लागतं का?" हा प्रश्न काकांपासून सोसायटीच्या सेक्रेटरीपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय आणि मी दर वेळी "रूल आहे" म्हणून सटकतो. आज सटकत नाही.

रूल तर आहेच. खलाशांच्या ट्रेनिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमांत २०१० साली झालेल्या मनिला दुरुस्त्यांनंतर आग आणि जीव वाचवण्याच्या कोर्सचा रिफ्रेशर दर पाच वर्षांनी आला, ऑफिसर असाल तर अ‍ॅडव्हान्स्ड फायर फायटिंग आणि लाइफबोटीचा वेगळा. आणि हो, तुमची शंका अगदीच चूक नाही. क्लासमध्ये अर्धे लोक हजेरीच्या बायोमेट्रिकला बोट लावायला आलेले असतात. ट्रेमध्ये डिझेल पेटवतात, प्रत्येकजण एकदा एक्स्टिंग्विशर मारतो, धुराच्या कंटेनरमधून रांगेत जाऊन येतो, बाहेरचं दार कुठे हे सगळ्यांना आधीच माहीत. ज्युनियर असताना मीच मेसमध्ये बसून म्हणायचो की हा सर्टिफिकेटचा धंदा आहे. त्या पोराशी माझं अजूनही भांडण चालू आहे आणि तो प्रत्येक वेळी हरतो असं नाही.

पण एक पहाट त्याला माहीत नव्हती.

बल्क कॅरियर, म्हणजे सुटा माल नेणारी बोट, मी थर्ड मेट म्हणजे डेकवरचा ज्युनियर ऑफिसर, सिंगापूर सोडून दोन दिवस झालेले. पाचच्या सुमारास अलार्म. जनरेटरच्या फ्युएल पाइपमधून तेलाचा फवारा उडाला तो थेट गरम एक्झॉस्टवर, इंजिनरूमची आग बहुतेक वेळा अशीच लागते. दिवे गेले, मग इमर्जन्सी जनरेटर धरला, तोवर आम्ही मस्टर स्टेशनला, अलार्म झाला की सगळ्यांनी जमायच्या जागी. क्लिपबोर्डवर यादी, मी नावं घेतोय. बावीसपैकी एकवीस. परत घेतली. एकवीस. वायपर नाही, इंजिनरूमचा ज्युनियर हेल्पर, त्याचं पहिलंच कॉन्ट्रॅक्ट. सेकंड इंजिनियर खोकत वर आला होता, तो म्हणाला पोरगा खाली प्युरिफायरकडे, तेल साफ करायच्या मशीनकडे होता.

आता हे नीट वाचा, कारण पुढचे सगळे प्रश्न इथूनच येतात. पंखे बंद, डँपर म्हणजे हवेच्या वाटांची झाकणं बंद, फ्युएलचे क्विक क्लोजिंग व्हॉल्व्ह ओढलेले, चीफ इंजिनियर सीओटू म्हणजे आग विझवायच्या कार्बन डायऑक्साइडच्या रूममध्ये तयार. सीओटू सोडला की दोन मिनिटांत ८५ टक्के गॅस इंजिनरूममध्ये उतरतो, आग गुदमरते आणि आत माणूस असेल तर तोही. गॅस एकदाच मिळतो, दुसरा चान्स नाही. म्हणून वॉकीटॉकीवर कॅप्टन एकच विचारत होते, "थर्ड मेट, हेडकाउंट कन्फर्म?" आणि मी "वन शॉर्ट, सर". परत तेच, परत तेच. आजूबाजूला सगळे माझ्याकडे बघतायत, डेकच्या पत्र्यावरचा रंग फुगायला लागलेला, आणि माझ्या तोंडून "ऑल प्रेझेंट" निघावं असं निदान चार जणांना वाटत असणार, मला दिसत होतं ते.

सेकंड इंजिनियर बीए सेट, म्हणजे हवेची बाटली आणि मास्क, चढवून आत गेला, बरोबर फिटर. खालची वाट त्यालाच माहीत. मास्क तळहाताने दाबून सील बघितलं, हाताची मागची बाजू भिंतीला लावत, पाय घासत. मागचीच बाजू, कारण उघडी वायर लागली तर बोटं तिच्यावर आवळून बसत नाहीत, हे आम्हाला त्याच कंटेनरमध्ये शिकवलेलं ज्याला मी हसायचो. हवा संपत आल्याची बाटलीची शिट्टी वाजल्यावर दोघं परत आले. पोरगा सापडला नाही. सेकंडचा उजवा ग्लोव्ह कुठल्या तरी गरम रेलिंगला चिकटला होता.

पोरगा कुठे होता? पूपवर, बोटीच्या अगदी मागच्या डेकवर. धूर दिसताच इमर्जन्सी एस्केपने वर चढला, तो ट्रंक, म्हणजे शिडीचा उभा बोगदा, मागे उघडतो, पुढे धुराची भिंत, वॉकीटॉकी नाही. बाउंडरी कूलिंगसाठी, म्हणजे बाहेरून भिंती पाण्याने गार ठेवायला, होज ओढत त्या बाजूला गेलेल्या एका एबीला, डेकवरच्या खलाशाला, तो दोर बांधायच्या बिटावर बसलेला दिसला. मग बावीस. मग गॅस. आग विझली.

सेकंडच्या दोन बोटांना अजून मूठ होत नाही, मेडिकलला तो परत पास झाला नाही.

आता लोक म्हणतात, पोरगा आत नव्हताच ना, मग थांबून काय मिळवलंस? काही शहाणे विचारतात की तो मागे असेल हे तुझ्या डोक्यात का नाही आलं. आलं होतं हो! पण "असेल"वर गॅस सोडत नाहीत. त्याला मी जॉइनिंगच्या दिवशी सगळ्या बोटीवर फिरवून एस्केप दाखवला होता, त्याने तोच वापरला, बरोबर वागला. सेकंड बरोबर वागला. कॅप्टनही. १९९० मध्ये स्कँडिनेव्हियन स्टारला आग लागली तेव्हा क्रू नवा, ड्रिल नाही, १५९ माणसं गेली. आमच्याकडे ड्रिल होती, महिन्याच्या महिन्याला. फक्त ती शनिवारी दुपारी साडेतीनला असायची, लोक चहा संपवून, जिथून यायचे तिथूनच यायचे, एस्केपने मागे निघून अडकलेला माणूस कुणी कधी गृहीत धरलाच नव्हता.

आता मी चीफ मेट, कॅप्टनच्या खालचा डेक ऑफिसर आहे आणि ड्रिलच्या आधी एकाला गुपचूप लपवतो. क्रूला ते आवडत नाही, कॅप्टनलाही फारसं नाही, रेस्ट अवर्सचा, म्हणजे सक्तीच्या विश्रांतीच्या तासांचा, हिशोब बिघडतो म्हणतात.

मागच्या रिफ्रेशरला हा प्रसंग मी क्लासमध्ये सांगितला. शिकवणारे सर म्हणाले, हेडकाउंट पूर्ण नाही तर गॅस नाही, विषय संपला. मागच्या बाकावरून एक चीफ इंजिनियर म्हणाला, सर, आग टाकीपर्यंत पोचली तर एकवीस जातील, मी इतका वेळ थांबलो नसतो. कुणीतरी म्हणालं, तुझा मुलगा आत असता तर? तो म्हणाला, म्हणूनच तर निर्णय कॅप्टनचा असतो. जेवणाच्या सुट्टीत डबे उघडून पण तोच वाद, दोघातिघांचे आवाज चढले, मी दोन्ही बाजूंनी बोललो. मग बायोमेट्रिकला बोलावलं.