गॅलरीतलं ऊन मागे सरकतंय

२८ जानेवारी

निफाडचा पारा पुन्हा एक आकडी. सकाळी पेपर हातात आला की आधी तो आकडा बघायचा, ही आम्हा नाशिककरांची जुनी खोड. आकडा येतो कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून, आणि आम्ही गंगापूर रोडला बंद खिडक्यांआड बसून तो असा सांगतो जणू रात्र तिथेच काढली. तिकडचा भाग सखल, नदीकाठचा. आभाळ निरभ्र असलं की जमिनीची ऊब रात्रभर वर निघून जाते आणि गार हवा खाली साचून राहते. पहाटे मग दवसुद्धा गोठतं कधीकधी.

दादाचा फोन होता. गव्हाला मानवली थंडी, त्याच्या द्राक्षबागेला नाही. मण्यांची फुगवण थांबलीय. दहाच्या खाली पारा गेला की वेल गप्पच बसतो म्हणाला. पहाटे चारला उठून ठिबक सोडतो, कारण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा कोमट असतं आणि मुळांना तेवढाच आधार. शिवाय बागेत जागोजागी शेकोट्या. मागून वहिनींचा आवाज आला, "ताई, बाग शेकते की तुमचे भाऊ शेकतात, एकदा येऊन बघा!"

संक्रांत झाली, दिवस तिळातिळाने वाढतोय म्हणे. वाढतोय, पण सगळा संध्याकाळच्या पदरात. सूर्य सगळ्यात लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या शेवटी. उगवायला मात्र जानेवारीच्या मध्यापर्यंत उशीरच करत जातो. २२ डिसेंबर हा फक्त दोन्हींचा हिशेब जुळून आलेला सगळ्यात लहान दिवस. त्यामुळे संध्याकाळी फिरायला जाणाऱ्यांना डिसेंबरपासूनच बरं वाटायला लागतं, आणि माझ्यासारख्या सकाळी डबे करणाऱ्यांच्या हाती काही लागत नाही. आजही सात वाजता ओट्यावरचा दिवा लावूनच पोळ्या.

३ फेब्रुवारी

तांबट बोलला! समोरच्या उंबरावर कुठेतरी, टुक टुक टुक, न थांबता. दिसला नाही, दिसत नाहीच तो. भांडी बाजारात गेल्यासारखं वाटलं.

११ फेब्रुवारी

आज आई चिडल्या. त्यांची खुर्ची डिसेंबरपासून हॉलमध्ये, टीव्हीच्या बाजूला, कारण गॅलरीतलं ऊन थेट तिथवर यायचं. आता ते दारापाशीच थांबतं. गुडघ्यांना हवं तेवढं मिळत नाही. रोज खुर्ची एक फरशी पुढे, उन्हाच्या मागे मागे. आज गॅलरीच्या उंबरठ्यावर येऊन थांबल्या आणि मला म्हणाल्या, "तुमच्या बिल्डरने दक्षिणेची गॅलरी दिली, पण ऊन काही कायमचं दिलं नाही."

बिल्डरचा दोष नाही यात, निदान यात तरी. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य नाशिकच्या आकाशात ४६-४७ अंशांच्या वर चढत नाही, म्हणून तिरपा होऊन आत घुसतो. २१ मार्चच्या सुमारास तोच ७० अंशांवर जातो आणि वरच्या मजल्याची गॅलरी आमच्यावर सावली धरते. आईंना हे सांगितलं नाही. त्यांना कारण नको होतं, ऊन हवं होतं.

पण तेव्हापासून एक डोक्यात घोळतंय. थंडी सरल्याची खूण म्हणून मी दरवर्षी काहीतरी नवीन यायची वाट बघते. मोहोर, पालवी, कोकिळाचा आवाज. इथे आधी दिसतं ते जाणंच. घरातून ऊन जातं. सोसायटीतल्या कडुनिंबाची पानं पिवळी पडून झडायला लागलीत, आणि झाडणाऱ्या मावशी रोज त्या झाडाचा उद्धार करतात. पिंपळाचंही लवकरच तेच होणार. चित्रातल्या वसंतात पानगळ आधी केव्हाच उरकलेली असते. आपल्याकडे ती ऐन याच दिवसांत आणि पालवी तिच्या पाठोपाठ, कधीकधी एकाच फांदीवर दोन्ही. पंचांगालाही हा घोळ आहेच की! वसंत ऋतू चैत्र-वैशाखाचा, आणि वसंतपंचमी माघात, भर शिशिरात.

रविवारी त्र्यंबक रोडला जाताना काटेसावर दिसली. पान एक नाही, नुसती लाल फुलं, आणि साळुंक्या-बुलबुलांची भांडणं. खाली पडलेलं एक फूल उचललं. चांगलं वजनदार, पाकळ्या जाड आणि मेणचट, मध्ये पुंकेसरांचा झुपका, आणि तळाशी मुंग्या. त्यांचा मध अजून संपला नव्हता. गाडीत डॅशबोर्डवर ठेवलं, घरी येईपर्यंत काळं पडलं. पळस अजून कळ्यांवर आहे.

आई म्हणतात, महाशिवरात्रीला थंडी शिव शिव म्हणत जाते, तोवर गोधड्या धुवायला काढायच्या नाहीत. बरं.

२२ फेब्रुवारी

दादाच्या बागेत जाऊन आले. पाणी उतरलंय! गेल्या वेळी गोटीसारखे कडक हिरवे होते ते मणी आता बोटाने दाबले की किंचित दबतात, उजेडापुढे धरले की आतल्या शिरा दिसतात. एक तोंडात टाकला, डोळे मिटले गेले इतका आंबट. दादा हसला. साखर भरायला अजून दिवस लागतील.

घडांना कागद लावायचं काम चाललंय. जुनी वर्तमानपत्रं, प्रत्येक घडाभोवती गुंडाळायची. दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारवा यांत फार फरक पडला की हिरवे मणी गुलाबी होतात, पिंक बेरी, आणि तो माल एक्स्पोर्टला चालत नाही. आतून एक ओळ बघितली तर घडांऐवजी नुसत्या छोट्या जाहिराती लटकलेल्या. वर पाहिजे, वधू पाहिजे, प्लॉट विकणे आहे. बायका इतक्या झरझर कागद लावत होत्या की मी मदत करते म्हटल्यावर वहिनींनी मला सरळ चहा करायला पाठवलं.

चहा पिताना मी म्हटलं, संपली बाई थंडी. दादा काही बोलला नाही. २०१४ची गारपीट याच दिवसांतली, फेब्रुवारीच्या शेवटाला सुरू झाली आणि मार्चात चालूच राहिली. तेव्हा जिल्ह्यात तयार बागा आडव्या झाल्या. तेव्हापासून आभाळ जरा भरून आलं की तो मोबाईलवर हवामान बघत बसतो. ऊब त्यालाही हवीच आहे, साखर तिच्यावरच भरते. पण ती बेताबेताने यावी आणि ढग न आणता यावी, एवढं त्याचं म्हणणं.

येताना नांदूर मध्यमेश्वरला वळायचं ठरलं होतं, गोदावरी-कादवाच्या संगमावर. २०२०च्या जानेवारीत राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं ते. मुलाला चक्रवाक दाखवायचे आहेत, आणि एकदा उन्हं तापली की ते उत्तरेला निघतात. पण उशीर झाला, राहिलं. पुढच्या रविवारी नक्की. वहिनींनी रद्दी मागितलीय, तीही त्याच फेरीत पोचवायची. शेजारच्या काकूंकडे वर्षभराची पडून आहे, उद्या विचारते.