मोरोक्को अल्बम: फलूस लावून झाले, आता चांदी

फलूसची, म्हणजे मोरोक्कोच्या जुन्या कांस्य नाण्यांची, पानं भरली. एका बाजूला सहा टोकांची चांदणी, दुसऱ्या बाजूला टांकसाळीचं नाव आणि हिजरी साल. १९व्या शतकातले हे कांस्याचे फलूस पाडलेले नाहीत, ओतीव आहेत. साच्यात पन्हळीने जोडलेली नाणी एकदम ओतायची आणि गार झाली की तोडून सुटी करायची. म्हणून कडेवर देठाची खूण राहते. ती कानशीने घासू नये, तोच पुरावा आहे. पृष्ठभागावरचे बारीक खड्डे पाहून लगेच ‘नकली’ म्हणायचीही घाई नको. वजनावरून तर काहीच ठरवू नका, एकाच सालात ते बरंच खालीवर होतं.

साल अरबी अंकांत शोधत बसू नका, ते 1288 असं युरोपीय अंकांत असतं. ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन १८७१ येतं. एखादा अंक उलटा दिसला तर साचा कोरणाऱ्याची चूक. टांकसाळ बहुधा फेस नाहीतर मराकेश.

चांदीत मात्र वजनच सगळं सांगतं. मोरोक्कोचा सुलतान हसन पहिला याने हिजरी १२९९ (१८८२) मध्ये पॅरिसला यंत्रावर पाडून घेतलेलं १० दिरहमचं नाणं २९.११६ ग्रॅम, कस ९०० (हजारात ९०० भाग चांदी). त्याचा मुलगा अब्द अल-अझीझ याच्या हिजरी १३२० पासूनच्या रियालचं (म्हणजे १० दिरहमच्याच नाण्याचं) वजन २५ ग्रॅम, कस तोच. म्हणजे थेट फ्रान्सच्या ५ फ्रँकचं माप. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवाच. नाणं दोऱ्याने पाण्यात बुडवलं (तळाला टेकू द्यायचं नाही) की वजन हसनच्या नाण्यात साधारण २.८ ग्रॅमने आणि रियालमध्ये २.४ ग्रॅमने घटायला हवं. घट जास्त आली तर धातू हिणकस. छोट्या नाण्यांचा कस ८३५, त्यांना हे आकडे लावू नका.

साफसफाई: डिस्टिल्ड वॉटर, मऊ ब्रश, बस. चिंच-लिंबू अजिबात नको. फलूसवर फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो क्लोराइडचा गंज. दमट हवेत तो पुन्हा फुटतो, म्हणून नाणं वेगळं काढून सिलिका जेलसोबत डबीत ठेवा. पीव्हीसीचे खिसे फेकून द्या, मायलरचे (पॉलिएस्टर फिल्मचे) घ्या.

राहिले ते मझूना, म्हणजे अब्द अल-अझीझच्या काळातली कांस्याची छोटी नाणी. एकाच मालिकेत बर्लिन, बर्मिंगहॅम, पॅरिस आणि फेस, त्यामुळे तिथे टांकसाळीचं नाव भिंगाखाली वाचल्याशिवाय पान लावता येणार नाही.