सायनसमध्ये बुरशी म्हणजे नेमकं काय?

आत्याच्या सीटी स्कॅनच्या रिपोर्टमध्ये 'फंगल' हा शब्द दिसला आणि घरात सगळ्यांचे चेहरे उतरले. २०२१ मध्ये कोविडच्या काळात ब्लॅक फंगसबद्दल जे ऐकलं होतं ते डोक्यात इतकं बसलंय की बुरशी म्हटलं की डोळा जाणार, जबडा काढणार, हेच आधी आठवतं. म्हणून मी त्या आठवड्यात जे काही वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलं ते इथे लिहून ठेवतेय.

तिचा त्रास वर्षभराचा. फक्त डावी नाकपुडी बंद, घशात मागून घाण उतरायची आणि सारखा कुबट वास यायचा, जो आम्हाला कुणालाच येत नव्हता. अँटीबायोटिकचे तीन कोर्स झाले, दरवेळी आठ दिवस बरं आणि परत तेच. शेवटी सीटी काढला तर गालामागची डावी पोकळी, म्हणजे सायनस, पूर्ण भरलेली आणि त्या करड्या रंगात मधोमध पांढरे ठिपके, खडूचे कण उडाल्यासारखे. बुरशीच्या गोळ्यात कॅल्शियमचे क्षार साठतात, ते असे चमकतात. डॉक्टरांनी पहिला प्रश्न काय विचारला असेल तर वरच्या दाढेचं रूट कॅनल झालंय का! दाढेची मुळं त्या पोकळीच्या तळाशी अगदी टेकलेली असतात, भरलेलं मटेरियल कधीकधी वर सरकतं आणि बुरशीला बस्तान बसवायला जागा मिळते. आत्याचं झालं होतं, बऱ्याच वर्षांपूर्वी.

याला फंगल बॉल म्हणतात. बहुतेक वेळा ॲस्परजिलस नावाची बुरशी असते, जिचे कण हवेत सगळीकडेच असतात आणि आपण रोज श्वासातून घेतो. ती पोकळीत नुसती साचून असते, मांसात शिरत नाही. त्यामुळे दुर्बिणीतून तो गोळा काढून पोकळीचं तोंड मोठं केलं की काम झालं, बुरशीवरची औषधंही सहसा लागत नाहीत.

दुसरा प्रकार ॲलर्जीचा. इथेही बुरशी आत शिरत नाही पण शरीर तिच्यावर इतकं चिडतं की नाकात पॉलिप म्हणजे मऊ गाठी वाढतात आणि पोकळ्यांमध्ये पीनट बटरसारखा घट्ट, चिकट चिखल साठतो. तो इतका घट्ट असतो की एमआरआयच्या काही चित्रांत काळा दिसतो आणि तिथे नुसती हवाच आहे असं वाटतं. यावर ऑपरेशन आणि स्टेरॉइड. आणि हे मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण आत शिरणाऱ्या बुरशीत हेच स्टेरॉइड घातक ठरू शकतं. म्हणजे 'बुरशी आहे' एवढ्यावरून उपचार ठरतच नाहीत.

ती आत शिरणारी खरी भीतीची. त्यातली म्युकर, म्हणजे कोविडमधली ती ब्लॅक फंगस, स्वतः काळी नसतेच मुळी. ती रक्तवाहिन्यांत घुसते, तिथे गुठळ्या होतात, रक्त थांबतं, मांस मरतं आणि ते मेलेलं मांस काळं पडतं. शुगर खूप वाढून रक्तात आम्ल झालं की रक्तातलं लोह मोकळं सुटतं आणि हिला ते हवंच असतं, शिवाय तेव्हा पांढऱ्या पेशीही नीट लढत नाहीत. ब्लड कॅन्सरच्या किमो घेणाऱ्यांना, अवयव बदललेल्यांनाही धोका. दुखेलच असं नाही, उलट गाल बधिर होतो कारण नसाही मरतात, मग डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, टाळूवर काळा डाग. अशा पेशंटला यातलं एक जरी दिसलं तरी सकाळपर्यंत थांबू नका, कृपा करून, त्याच रात्री न्या. इथे तासांचा हिशोब असतो.

तुकडा काढून मायक्रोस्कोपखाली बघितला की म्युकरचे तंतू रुंद, फितीसारखे, जवळजवळ काटकोनात फुटलेले दिसतात आणि ॲस्परजिलसचे बारीक, आडवे पडदे असलेले, तिरक्या फांद्यांचे. हा फरक पुस्तकी नाही, व्होरिकोनाझोल हे बुरशीवरचं औषध ॲस्परजिलसवर चालतं पण म्युकरवर नाही, तिथे अँफोटेरिसिन हे दुसरं औषध लागतं आणि मेलेला भाग कापून काढावाच लागतो.

अजून दुर्मिळ गोष्टी आहेत, कुजक्या लाकडावर उगवणाऱ्या शिझोफायलम नावाच्या अळंबीचे कण माणसाच्या सायनसमध्ये रुजल्याच्या केसेस आहेत, आणि नेहमीच्या लॅबमध्ये ती पटकन ओळखूही येत नाही.

आत्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी छोट्या डबीत काढलेलं दाखवलं, हिरवट तपकिरी, ओल्या मातीसारखा भुगा. नंतर बायोप्सीचा रिपोर्ट आला तेव्हा मी बाकीचं सगळं सोडून एकच ओळ शोधली, टिश्यूमध्ये बुरशी शिरलेली नाही. ती ओळ मी आत्याला फोनवर दोनदा वाचून दाखवली.