दोन हाणा त्याला!

"दोन हाणा त्याला, आपोआप सरळ होतंय!" शेजारचे अण्णा धोतर झटकत म्हणाले. धोतरावर शेरूचे चिखलाचे पंजे उमटलेले.

पण हे म्हणताना त्यांचा दुसरा हात बंडीच्या खिशात बिस्कीट शोधत होता. ते शेरूला दिलंही. तो पुन्हा अंगावर उभा असतानाच!

नऊ महिन्यांचं लॅब्रॅडॉर. अंगानं कुत्रा, डोक्यानं पिल्लू. घरात आम्ही ठरवलंय, उडी मारली की पाठ फिरवायची, चारही पाय जमिनीवर टेकले की लगेच खाऊ. गंमत अशी की आधी उड्या वाढतात. आजवर चाललेली युक्ती का चालेना म्हणून गडी आणखी जोर लावतो. नेमकं तेव्हाच कुणीतरी विरघळतं, आणि जोर लावला की मिळतं हे तो पक्कं शिकतो.

चपला पळवतो त्याचं मला एवढं वाटत नाही. याचे पूर्वज कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर कोळ्यांच्या हाताखाली राबायचे, पुढं शिकाऱ्यांना पडलेली बदकं आणून द्यायचे. तोंडात धरणं रक्तातच आहे. चपलेच्या बदल्यात दोरी द्यायची, झालं.

आणि परभणीच्या उन्हात फिरवणार कधी? पहाटेच. ती फेरी चुकली की संध्याकाळी ओट्यावर येणाऱ्याचं काही खरं नाही.

आमची आजी म्हणते, बिस्कीट अण्णांनीच द्यावं, पण शेरू खाली बसल्यावर. कल्पना झकास. शेरूला शिकवू हो, पण वडिलांपेक्षा मोठ्या अण्णांना हे सांगणार कोण?