चार अँटेना, चोवीस स्विच आणि एक तक्ता

मला हवं होतं ते एवढंच: २.४५ गिगाहर्ट्झवर चालणारा चार पॅच अँटेनांचा (बोर्डावरच्या चपट्या अँटेनांचा) ॲरे, म्हणजे एकत्र चालणारी रांग, जिचा बीम (लहरींचा झोत) मोटर न लावता डावी-उजवीकडे वळेल. आणि तो वळवणारे फेज शिफ्टर, म्हणजे प्रत्येक अँटेनाच्या लहरीला हवा तेवढा उशीर करणारे भाग, तयार आयसीचे नकोत, बोर्डावर स्वतः काढलेले हवेत. कल्पना काही नवी नाही. फर्डिनांड ब्राउन यांनी १९०५ मध्येच तीन अँटेनांपैकी एकीचा सिग्नल उशिरा सोडून लहरी एका दिशेला झुकवून दाखवल्या होत्या. १९०९ चं नोबेल मार्कोनींसोबत वाटून घेतलेले ते हेच ब्राउन.

तत्त्व साधं आहे. ज्या बाजूच्या अँटेनांना सिग्नल उशिरा मिळतो, त्या बाजूला बीम झुकतो. अँटेनांमधलं अंतर अर्धी तरंगलांबी, म्हणजे इथे सुमारे ६१ मिलिमीटर ठेवलं, तर शेजारच्या दोन अँटेनांमधल्या फेजच्या (लहरीच्या उशिराच्या, पूर्ण लहर म्हणजे ३६० अंश) फरकाला १८० ने भागायचं. येतो तो बीमच्या कोनाचा साइन. फरक ४५ अंश ठेवला तर बीम १४.५ अंशांवर, ९० ठेवला तर ३० वर, १३५ ठेवला तर ४८.६ वर. दोन्ही बाजू आणि मधला सरळ बीम धरून झाले सात. चार अँटेनांचा बीम असतो साधारण २६ अंश रुंद, त्यामुळे सात बीममध्ये मधे कुठे भोक राहत नाही.

उशीर करायचा कसा? सिग्नलला दोन वाटा द्यायच्या, एक आखूड आणि एक लांब, आणि दोन्ही टोकांना एकेक स्विच बसवायचा. दोन्ही स्विच एकदम फिरतात, सिग्नल या वाटेने जातो किंवा त्या. हा झाला एक बिट. ४५, ९० आणि १८० अंशांचे तीन बिट एकामागे एक जोडले की ० ते ३१५ पर्यंत आठ पायऱ्या मिळतात. १.६ मिलिमीटर जाडीच्या साध्या एफआर-४ (काचतंतू-इपॉक्सीच्या) बोर्डावर ५० ओहमची, म्हणजे बाकी जोडण्यांशी जुळणारी तांब्याची पट्टी जवळपास ३ मिलिमीटर रुंद येते आणि तिच्यात तरंगलांबी आकसून ६७ मिलिमीटरच्या आसपास राहते. म्हणजे १८० अंशांसाठी लांब वाट ३३.५ मिलिमीटरने जास्त, ९० साठी १६.८, ४५ साठी ८.४.

२२.५ अंशांचा चौथा बिट घालायचा का, यावर मी बराच रेंगाळलो. तीन बिटांत फेज जवळच्या पायरीवर बसवावी लागते, त्यात सरासरी ०.२ डेसिबल (सिग्नलच्या ताकदीचं एकक) जातात. चौथ्या बिटाने ते ०.०६ वर येतात. पण त्या बिटाचे दोन स्विच स्वतःच पाऊण-एक डेसिबल खाणार. चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला. तीन बिटांवर थांबलो. तसंही तीन बिटांचे सहा स्विच आणि पट्ट्या मिळून प्रत्येक चॅनेलमध्ये (एका अँटेनाच्या वाटेत) तीन डेसिबलच्या आसपास नुकसान होतंच. चार अँटेना जोडून कमाई सहा डेसिबलची, त्यातली निम्मी स्विचच्या घशात. म्हणूनच मोठ्या यंत्रणांत प्रत्येक अँटेनाला वेगळा ॲम्प्लिफायर लावतात. मला ते झेपणारं नव्हतं आणि या कामाला गरजही नव्हती.

कंट्रोलचं काम मात्र गंमत वाटावी इतकं चपखल बसलं. चार चॅनेल गुणिले तीन बिट म्हणजे बारा बिट, आणि माझ्या गॅलियम आर्सेनाइड स्विचना प्रत्येक बिटाला एकमेकींच्या उलट अशा दोन कंट्रोल लाइन लागतात. झाल्या चोवीस. ७४एचसी५९५ या शिफ्ट रजिस्टरला (एकामागून एक आलेले बिट साठवून एकदम बाहेर देणाऱ्या चिपला) आठ आउटपुट असतात; तीन चिपमध्ये काम फत्ते, एकही पिन शिल्लक नाही. लॅचचा पल्स दिला की चोवीसच्या चोवीस लाइन एकदम बदलतात, त्यामुळे बीम उडी मारताना अर्धवट अवस्थेत रेंगाळत नाही. स्विचच्या प्रत्येक आरएफ (रेडिओ सिग्नलच्या) पायाला डीसी अडवणारा कपॅसिटर मात्र हवाच. चोवीस स्विच, प्रत्येकाला तीन पाय. त्या बारीक कपॅसिटरांच्या सोल्डरिंगबद्दल न बोललेलं बरं.

खरं डोकं खाल्लं ते १८० अंशांच्या बिटाने. ज्या वाटेने सिग्नल जात नाही ती वाट गप्प बसते असं आपण धरून चालतो. ती बसत नाही. बंद स्विचमधून थोडी ऊर्जा झिरपतेच, आणि बंद वाटेची एकूण लांबी, स्विचच्या आतला भाग धरून, अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत आली की ती पट्टी रेझोनेट होते, म्हणजे त्या फ्रिक्वेन्सीला स्वतःच घुमू लागते. मग चालू वाटेवरच्या सिग्नलमध्ये अचानक खड्डा पडतो आणि फेजही तिथेच बिघडते. म्हणून मुख्य बोर्डाआधी फक्त या एका बिटाच्या छोट्या चाचणी-पट्ट्या काढल्या, प्रत्येकीत आखूड वाट वेगळ्या लांबीची. दोन वाटांमधला फरक सगळ्यांत सारखाच, तरी एकीत खड्डा बरोबर बँडच्या (मला वापरायच्या फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्याच्या) मधोमध आणि दुसरीत पार बाहेर. आखूड वाट साधारण ४५ अंशांची आणि लांब २२५ ची ठेवली की खड्डा २.४५ पासून दूर जातो. लांब वाटेला वळणं घ्यावी लागतात, ती एकमेकींना खेटू देऊ नयेत. पट्ट्यांमध्ये बोर्डाच्या जाडीच्या किमान तिप्पट अंतर सोडलं.

बोर्ड जोडून झाल्यावर व्हीएनएवर (सिग्नलची फेज आणि ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) प्रत्येक चॅनेलच्या आठही पायऱ्या मोजल्या. न वापरलेल्या पोर्टना ५० ओहमचे लोड, आणि केबल एकदा जुळवली की तिला हलवायचं नाही. केबल नुसती वाकली तरी आकडे सरकतात. ४५ च्या जागी कुठे ४१, कुठे ४९ असं येत होतं. १८० चा बिट काही अंशांनी चुकत होता, कारण एफआर-४ चा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (ज्यावर पट्टीतली तरंगलांबी ठरते) बोर्डागणिक ४.२ ते ४.७ असा कुठेही असू शकतो. शिवाय लांब वाटेने जाताना सिग्नल अर्ध्या डेसिबलने जास्त पडतो.

इथे बहुतेक लोक पट्ट्या कापायला-जोडायला बसतात. माझं मत उलट आहे. पायरी नेमकी ४५ ची असायची काहीच गरज नाही, ती किती आहे ते माहीत हवं. आठ गुणिले चार, अशा बत्तीस नोंदींचा तक्ता केला: फेज आणि ॲम्प्लिट्यूड (लहरीची उंची). चार चॅनेल आणि प्रत्येकी आठ पायऱ्या, एकूण जुळण्या ४०९६. संगणकाला हा आकडा म्हणजे काहीच नाही. हव्या त्या दिशेला सगळ्या ४०९६ तपासायच्या आणि सर्वांत चांगली उचलायची, सूत्र वापरून जवळच्या पायरीवर बसवायची गरज उरत नाही. २२ अंशांचा बीम मागितला तर सूत्र अडखळतं, कारण ०, ४५, १३५, १८० ही जुळणी विशीच्या आसपास जाते आणि ०, ९०, १३५, २२५ ही २३ च्या पुढे. खऱ्या आकड्यांवर शोधलं की दोन्हीतली कुठली बरी ते दिसतं, आणि कधी तिसरीच निघते.

व्हीएनएचा तक्ता अँटेनापर्यंतच्या वाटेचा असतो. पॅच एकमेकांवर जो परिणाम करतात तो त्यात येत नाही, आणि कडेच्या पॅचवर तो मधल्यांहून वेगळा असतो. त्यासाठी ॲरे तिपाईवर उंच ठेवला आणि समोर रिसीव्हर. फार लांब जायला लागत नाही. पाव मीटरभर रुंदीच्या ॲरेला एक मीटरपुढे दूरक्षेत्र (जिथे बीमचा आकार अंतराने बदलत नाही) सुरू होतं, मी तीन मीटर ठेवलं. तीन चॅनेल जागेवर ठेवून चौथ्याला आठही पायऱ्यांतून फिरवायचं आणि फक्त पॉवर नोंदवायची. ती वर-खाली होते, कोसाइनच्या वळणाने. आठ बिंदूंतून वक्र बसवला की शिखर कुठे आलं यावरून त्या चॅनेलची फेज आणि चढ-उताराच्या उंचीवरून ॲम्प्लिट्यूड निघते. फेज मोजणारं महागडं यंत्र न लावता फेज मिळते. मला या सगळ्या उद्योगात सर्वांत जास्त आवडलेला भाग हाच.

कॅलिब्रेशन जमलं की नाही हे मात्र बीमचं शिखर पाहून तपासू नये. प्रत्येक चॅनेलमध्ये दहा अंशांची गडबड असली तरी शिखर जेमतेम ०.१ डेसिबलने खाली येतं. सगळं छान दिसतं. दोन लोबमधली (बीमच्या दोन फुगवट्यांमधली) दरी बघावी. तिथे चार सिग्नल एकमेकांना पुसतात आणि एखादाही चुकला तर दरी लगेच भरते. दुरुस्त केलेला तक्ता घातल्यावर माझं शिखर जवळपास होतं तिथेच राहिलं, दरी मात्र स्पष्टपणे खोल गेली. तेव्हा शोधाची अटही बदलली: हव्या दिशेला जास्तीत जास्त पॉवर, आणि ज्या दिशेला दुसरा ट्रान्समीटर बडबडतोय तिथे कमीत कमी.

स्विच आणि पट्ट्या दोन्ही दिशांना सारख्याच वागतात, त्यामुळे रिसीव्हसाठी वेगळा तक्ता लागला नाही. बँडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १८० चा बिट मध्यापासून तीन-चार अंशांहून जास्त हलत नाही. शिखरासाठी एकच तक्ता पुरतो. दरीला तेवढंही खपत नाही. म्हणून आता बँडच्या तळाला, मध्यावर आणि वरच्या टोकाला असे तीन तक्ते ठेवले आहेत आणि रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलली की तक्ताही बदलतो.